लक्षणांची साक्ष

गेल्या उन्हाळ्यात आमची जुनी मोटार विकण्याचा प्रसंग माझ्यावर आला. राहते घर पाडून त्या जागी मोठी इमारत उभी राहायची होती, आणि तोपर्यंत ज्या भाड्याच्या जागेत जायचे तिथे माणसांपुरती जागा होती, मोटारीपुरती नव्हती. मोटार मॉरिस मायनर, ९४८ सी. सी.ची. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती १९५९ साली नैरोबीत घेतली. तिकडे ते रेल्वेच्या हिशेबखात्यात होते. डिसेंबर १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला, आणि पुढच्या वर्षी अण्णा नोकरी आटोपून पुण्याला परतले, तेव्हा ही गाडीही मोंबासाहून बोटीने त्यांच्याबरोबर मुंबई बंदरात उतरली. तेव्हापासून ती आमच्या घरातलीच एक झाली होती.

गाडी पाहायला एक तरुण इंजिनिअर रविवारी यायचा होता. त्याच आठवड्यात गाडीने खोड काढली. रस्त्यावर ती उत्तम चाले. चढ चढे, वेगही घेई. पण चौकात थांबून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन थरथरू लागे, धाप लागल्यासारखा त्याचा आवाज वरखाली होई, आणि दहापंधरा सेकंदांत ते बंद पडे. नाना पेठेच्या एका बोळात आमचे जुने मिस्त्री आहेत. बुधवारी गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी क्षणभर कान दिला, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कार्बुरेटरवरचा एक लहानसा स्क्रू अर्धा फेरा आत फिरवला. थरथर थांबली. इंजिन शहाण्यासारखे चालू लागले.

“झालं, सर,” मिस्त्री म्हणाले, “रविवारपर्यंत काही बोलायची नाही.”

मी पैसे दिले आणि समाधानाने घरी आलो. पण रात्री झोप लागेना. मिस्त्रींचे ते शेवटचे वाक्य डोक्यातून जाईना. गाडी काही बोलायची नाही. म्हणजे आतापर्यंत ती बोलत होती. काय बोलत होती, हे मी विचारले नव्हते. तिने बोलू नये एवढीच व्यवस्था मी पैसे मोजून केली होती.

मी तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. कार्य आणि कारण यांच्या संबंधावर मी किती तास बोललो असेन याची गणती नाही. तरीही दोष आणि दोषाचे लक्षण यांतला फरक त्या रात्री मला प्रथमच थोडा अंगाला लागला. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

प्रथम त्या स्क्रूविषयी. गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू, या अवस्थेला गॅरेजमध्ये आयडलिंग म्हणतात. या अवस्थेत इंजिनाकडून कसलेच काम घ्यायचे नसते. स्वतःला चालू ठेवणे एवढेच त्याचे काम. आमच्या गाडीचे इंजिन अशा वेळी मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेते. चार सिलिंडर मिळून मिनिटाला सुमारे हजार स्फोट होतात. पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणाची वाट तेव्हा जवळजवळ मिटलेली असते. एक गोल पातळ झडप त्या वाटेत आडवी असते, आणि ती केसभर उघडी राहावी म्हणून हा स्क्रू असतो. तो आत फिरवला की झडप किंचित अधिक उघडते, इंजिन जरा जोरात चालते आणि बंद पडत नाही. का बंद पडत होते, या प्रश्नाशी स्क्रूला कर्तव्य नसते.

मग दोष नेमका गाडी उभी असतानाच का दिसावा? झडप मिटलेली असली की तिच्या पलीकडे इंजिन हवेला जोराने ओढत असते. निरोगी इंजिनात, समुद्रसपाटीला, ही ओढ १८ ते २० इंच पाऱ्याइतकी भरते. अशा वेळी कुठे नखाएवढी फट असेल तर तिच्यातून चोरटी हवा आत शिरते, आणि इंजिनाचा त्या घडीचा आहारच इतका थोडा असतो की तेवढ्या हवेनेही मिश्रण पातळ होते. भरधाव गाडीतही तीच फट असते. पण तेव्हा झडप सताड उघडी असते, आतली ओढ कमी झालेली असते, आणि राजमार्गाने एवढी हवा येत असते की फटीतल्या हवेचा हिशेब कोणी ठेवीत नाही. वेगाने दोष नाहीसा होत नाही. तो वेगात बुडून जातो.

माणसाच्या बाबतीतही असेच काहीसे होत असावे. कचेरीची घाई, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते यांच्या भाराखाली माणूस पळत असतो तोपर्यंत त्याच्या मनाला कुठे फट आहे हे त्याला कळत नाही, आणि इतरांना तर नाहीच नाही. सुटीच्या दुपारी, आजारपणात, निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, म्हणजे स्वतःला चालू ठेवण्यापलीकडे दुसरे काम नसते तेव्हा, थरथर सुरू होते. आणि तेव्हा आपण काय करतो? कुठल्या तरी मंडळाचे चिटणीसपद घेतो. स्क्रू अर्धा फेरा आत.

पण मी गाडीविषयी बोलत होतो. गुरुवारी सकाळी मला पडलेला पहिला प्रश्न साधा आणि व्यवहारी होता. स्क्रू फिरवून गाडी विकणे ही लबाडी आहे काय?

आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या १७व्या कलमात फसवणुकीची व्याख्या दिली आहे, आणि तिच्याखाली एका घोड्याचे उदाहरण आहे. ‘अ’ने लिलावात ‘ब’ला घोडा विकला. घोडा सदोष आहे हे ‘अ’ला ठाऊक होते, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसते मौन हा अपराध नाही. मात्र लगेच दुसरे उदाहरण आहे. ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच घोड्याचा दोष सांगणे ‘अ’चे कर्तव्य ठरते. आणि त्याच कलमात असेही आहे की माहीत असलेली गोष्ट कृतीने झाकणे ही फसवणूकच होय. तेव्हा घोडा लंगडतो हे न सांगणे एक, आणि त्याचे लंगडणे दिसू नये म्हणून त्याला लिलावापूर्वी काही चारणे दुसरे. मी गाडीविषयी गप्प राहिलो असतो तर कायद्याच्या दृष्टीने कदाचित सुटलो असतो. पण स्क्रू फिरवणे हे मौन नव्हते. ती कृती होती. निकाल माझ्या विरुद्ध लागला, आणि तो मला पटलाही.

तरी माझे समाधान झाले नाही. समजा, गाडी विकायची नाही. ती माझ्याचकडे राहणार आहे. मग स्क्रू फिरवून मी कोणाला फसवले? कोणालाच नाही. गाडी बंद पडत होती, आता पडत नाही. माझी अडचण दूर झाली. मग त्यात वावगे काय राहिले? या दुसऱ्या प्रश्नाने मला अधिक छळले. कारण आपल्या आयुष्यातले बहुतेक स्क्रू गिऱ्हाईक दारात नसताना फिरवलेले असतात.

उत्तर मला नाना पेठेतच मिळाले. गुरुवारी दुपारी मी पुन्हा मिस्त्रींकडे गेलो आणि म्हणालो, “मिस्त्री, कारण शोधून द्या.”

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. “मला वाटलं, विकायची आहे.”

“विकायचीच आहे.”

“मग कारण कशाला, सर? विकायच्या गाडीचं कारण कोणी शोधतं का?”

पण त्यांना आनंद झाला होता हे मला दिसले. त्यांनी हात पुसले आणि पहिली गोष्ट केली ती अशी की कालचा अर्धा फेरा उलटा फिरवला. इंजिन पुन्हा थरथरू लागले. “आधी तिला बोलू दे,” ते म्हणाले.

न्यायदर्शनात शेषवत् नावाचा अनुमानाचा एक प्रकार सांगितला आहे. वात्स्यायनाने त्याचे दोन अर्थ दिले आहेत. कार्यावरून कारण ओळखणे हा एक, आणि संभवणाऱ्या गोष्टी एकेक निकालात काढीत जाऊन जी उरेल ती स्वीकारणे हा दुसरा. वर्गात मी हे दोन अर्थ दोन वेगळ्या रकान्यांत लिहून देत असे. मिस्त्रींच्या हातात ते एकाच कामाचे दोन टप्पे होते. धुरावरून अग्नीचे अनुमान सोपे आहे, कारण धूर अग्नीशिवाय होत नाही. थरथरत्या इंजिनाचे तसे नाही. या एका थरथरीला दहाबारा जनक असू शकतात, आणि त्यांतला प्रत्येक जण सारखाच संभावित दिसतो.

त्यांनी प्रथम ऐकले. चूक ठेका धरून होते की भटकते? दर काही ठोक्यांनी एक ठोका नियमाने गळत असेल तर एखादे सिलिंडर दुबळे आहे असे समजावे. आवाज लाटेसारखा वरखाली होत असेल तर मिश्रणाकडे पाहावे. आमची चूक भटकती होती. तरी त्यांनी कागदाचा एक कपटा सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. तो सतत बाहेर फडफडत राहिला, मधूनच आत ओढला गेला नाही. म्हणजे धूर सोडणारा व्हॉल्व्ह जळलेला नसावा. मग एकेका प्लगची तार काढून पाहिली. चारही वेळा इंजिन सारखेच खचले. चौघेही आपापले काम करीत होते. इंजिन निवल्यावर टॅपेट पाहिले. तिथे इंचाचे १२ सहस्रांश अंतर हवे, ते होते. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधले अंतर १५ सहस्रांश, तेही ठीक. प्लगचे अंतर बरोबर होते, पण त्यांचा रंग पांढुरका झाला होता. “उपाशी आहे,” मिस्त्री म्हणाले, “हवा जास्त, पेट्रोल कमी.”

या सगळ्यात दोन तास गेले, आणि कार्बुरेटरला त्यांनी अजून हात लावला नव्हता. मी अधीर होऊन तसे सुचवले. ते म्हणाले, “कार्बुरेटर शेवटी. त्याच्यावर आळ घेणं सोपं असतं, म्हणून सगळे आधी त्यालाच पिळतात. आणि एका वेळी एकच, सर. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते कळत नाही.” इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात भेदाची पद्धती म्हणून जी सांगितली ती हीच. बाकी सारे जसेच्या तसे ठेवावे, एकच गोष्ट बदलावी आणि काय होते ते पाहावे. ही शास्त्राची शिस्त आहे हे मी शिकवीत आलो होतो. ती सचोटीचीही शिस्त आहे हे मला तिथे उभे असताना जाणवले. पाच औषधे एकदम देणाऱ्याला रोगी बरा करायची घाई असते. आपण त्याला कशाने बरे केले याची त्याला पर्वा नसते. आणि रोगी पुन्हा आजारी पडला की त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते.

आता कार्बुरेटर. आमच्या गाडीला एस. यू. जातीचा कार्बुरेटर आहे. त्याच्या पोटात एक पिस्टन असतो आणि त्या पिस्टनला खाली निमुळती सुई असते. पिस्टन जितका वर जाईल तितकी सुई छिद्रातून वर सरकते आणि तितके पेट्रोल अधिक मिळते. कार्बुरेटरच्या कुशीला एक बारीक खुंटी असते. इंजिन चालू असताना ती बोटाने वर दाबून पिस्टन इंचाचा बत्तिसावा भाग उचलायचा. तेवढ्याने इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त आहे. वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला, तर मिश्रण बरोबर आहे. इंजिन गपकन बसले, तर हवा जास्त आहे. मिस्त्रींनी खुंटी दाबली मात्र, इंजिन बसले.

मला त्या वेळी आयुर्वेदातले निदानपंचक आठवले. रोग ओळखण्याचे पाच मार्ग तिथे सांगितले आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतला उपशय मला नेहमी चमत्कारिक वाटे. रोगाची ओळख पटत नसेल तर थोडे काही देऊन पाहावे आणि त्याने बरे वाटते की नाही यावरून रोग ताडावा. मला वाटे, हा तर उपचारच झाला. पण ती खुंटी पाहिल्यावर फरक समजला. स्क्रू आणि खुंटी, दोन्ही इंजिनात ढवळाढवळ करतात. स्क्रू फिरवणारा इंजिनाला सांगतो, गप्प बस. खुंटी दाबणारा विचारतो, आता कसे वाटते? आणि उत्तर मिळाले की बोट काढून घेतो.

हवा येते कुठून हे शोधायचे राहिले होते. मिस्त्रींनी तेलाची बुधली घेतली. मॅनिफोल्डच्या सांध्यावर तेल सोडले. इंजिनात फरक पडला नाही. रबरी नळीच्या टोकाशी सोडले, नाही. मग ती गोल झडप ज्या दांडीवर बसवलेली असते तिच्या दोन्ही टोकांना चार थेंब सोडले. इंजिन एकदम सावरले. आठदहा सेकंद ते मांजरासारखे घुरघुरत राहिले, आणि तेल आत ओढले जाताच पुन्हा धापा टाकू लागले. दांडी आणि तिची भोके साठ वर्षांच्या उघडझापीने झिजली होती. अण्णांच्या पायाने, माझ्या पायाने, थोडीशी माझ्या मुलाच्या पायाने. तिथून हवा येत होती.

“दांडी नवी, आणि बुश बसवायला लेथवर पाठवावं लागेल,” मिस्त्री म्हणाले. “पंधरा दिवस.” रविवार तीन दिवसांवर होता.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, नाहीतर हकीकत आहे त्याहून नीटस दिसेल. तेलाच्या थेंबांनी इंजिन सावरले खरे, पण पुरते नाही. किंचित उपाशीपण उरलेच. ते गाडीचे नव्हतेच. ते पेट्रोलचे होते. हे इंजिन ज्या पेट्रोलसाठी घडले ते आता मिळत नाही. त्यात शिसे असे. २००० सालापासून देशभर बिनशिशाचेच पेट्रोल आहे. पुढे त्यात इथेनॉल मिसळू लागले, आणि २०२५ साली त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर आले. इथेनॉलच्या अंगात स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या मापाने मोजलेले मिश्रण आता पातळ पडते. गाडी तीच, माप तेच, आणि तरी चूक. जग तिच्याभोवती बदलले.

आणि हे पहिल्यांदाच घडत नव्हते. १९६४ साली मुंबई बंदरातून गाडी बाहेर काढली तेव्हाही ती अशीच थरथरत बंद पडली होती, असे अण्णा सांगत. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ, आणि गाडीचे मिश्रण त्या हवेला जुळवलेले. बंदरातल्या दाट हवेत ते पातळ पडले. तिथल्या कोणा फिटरने खालचे नट थोडे सैल करून पेट्रोल वाढवले आणि गाडी बोरघाट चढून पुण्याला आली. नैरोबीतल्या माणसाने चूक केली नव्हती, आणि मुंबईतल्या फिटरने दोष झाकला नव्हता. एका ठिकाणी बरोबर असलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी चूक ठरते, आणि अशा वेळी दोषी शोधत बसणे व्यर्थ असते. नवे माप घ्यावे लागते. अण्णांनाही पुण्यात नवे माप घ्यावे लागले असणार. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत.

अण्णांचा विषय मी टाळीत होतो. पण तो आल्यावाचून हा लेख पुरा व्हायचा नाही.

अण्णा १९९१ साली गेले. शेवटचे वर्षदीड वर्ष ते बहुतेक आपल्या खोलीतच असत. बुद्धी शाबूत होती, नजर अधू झाली होती. त्यांना एक सवय लागली. अर्धा तास झाला की ते हाक मारीत, “किती वाजले रे?” मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलेला असे. उठून जाऊन सांगे. ते “बरं” म्हणत. पुन्हा अर्ध्या तासाने हाक. कधी मी जागेवरूनच सांगे, कधी आवाज चढे. मग मला एक युक्ती सुचली. लक्ष्मी रस्त्यावरून मी एक मोठे घड्याळ आणले: पांढरी तबकडी, बोटाएवढे काळे आकडे. त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर ते लावले. अण्णांना ते पडल्या पडल्या दिसे. त्या दिवसापासून त्यांनी वेळ विचारली नाही. एकदाही नाही. मी या युक्तीची हकीकत आल्यागेल्याला कौतुकाने सांगत असे.

अण्णांना वेळच हवी होती की आणखी काही, हे मला ठाऊक नाही. कदाचित वेळच हवी असेल. हिशेबखात्यातला माणूस होता. वेळेचा हिशेब ठेवण्याची सवय असेल. कदाचित औषधाची वेळ चुकेल अशी धास्ती असेल. कदाचित अर्ध्या तासात एकदा कोणी दारात येऊन उभे राहावे एवढेच असेल. या तिन्ही शक्यता तेव्हा उघड्या होत्या. एक दिवस त्यांच्याजवळ बसलो असतो तर बहुधा निवाडा झाला असता. घड्याळाने माझी अडचण सोडवली, आणि अण्णांची अडचण कोणती होती हे कळण्याची वाट त्याच दिवशी बंद झाली. आज मी तिन्ही शक्यता मांडू शकतो, पण निकालात एकही काढू शकत नाही. साक्षीदाराला मीच गप्प केले.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. लक्षण दाबून टाकण्यात कोणी परका फसला नाही, तरी एक हानी होतेच. दोषाविषयी आपल्याला जे काही कळायचे ते लक्षणाच्याच तोंडून कळायचे असते. ते बंद केले की दोष आत राहतो आणि त्याच्याकडे जाण्याची वाट नाहीशी होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, उपाय लागू पडल्यामुळे आपल्याला निदान झाल्याचा भास होतो. खोटे बोलणाऱ्याला निदान खरे काय ते माहीत असते. स्क्रू फिरवून समाधानाने घरी जाणाऱ्याला तेही माहीत नसते.

यावर वाचकांना एक आक्षेप सुचेल, आणि तो रास्त आहे. प्रत्येक लक्षणाचा असा मूळापर्यंत पाठलाग करीत बसले तर जगायचे केव्हा? दुखणाऱ्याला आधी उतार हवा की आधी निदान? पोटात असह्य कळ उठलेल्या रोग्याला निदान होईपर्यंत वेदनाशामक देऊ नये, नाहीतर लक्षणे झाकली जातील, असा शल्यवैद्यांचा एके काळी दंडक होता. पुढे अभ्यासाअंती असे दिसून आले की वेदना कमी केल्याने निदान बिघडत नाही, आणि तो दंडक मागे पडला. याचा अर्थ, दुःखाला नुसते साक्षीसाठी ताटकळत ठेवणे हाही क्रूरपणाच होता. शिवाय काही झिजा अशा असतात की त्यांवर दांडी नवी मिळत नाही. म्हातारपणाला एक कारण नसते. तिथे स्क्रूच फिरवायचा असतो.

हे सारे मला मान्य आहे. मिस्त्रींनीही शेवटी कार्बुरेटरचे खालचे नट एक पैलू फिरवलेच. इथेनॉलची वजाबाकी भरून काढायला दुसरा उपाय नव्हता. पण दांडीच्या झिजेसाठी आणखी फिरवू का, असे मी विचारले तेव्हा ते नाही म्हणाले. उभ्या गाडीचे पोट भरायला पेट्रोल वाढवले तर धावत्या गाडीला अजीर्ण होईल, प्लग काजळतील. हाताची हालचाल दोन्हीकडे सारखीच, पण पहिली कशासाठी ते ठाऊक होते आणि दुसरी कशावर तरी पांघरूण घालण्यासाठी झाली असती. पोटदुखीच्या रोग्याला वेदनाशामक देणारा डॉक्टर त्याला देऊन घरी जात नाही. देऊन त्याच्याजवळ थांबतो. उतार द्यावा, पण ऐकून द्यावा, आणि उतार पडल्यावर प्रश्न संपला असे समजू नये. याहून कडक नियम सांगण्याचा मला अधिकार नाही.

रविवारी तो तरुण आला. मी गाडी चालू केली आणि तिला थरथरू दिले. दांडीवर तेलाचे चार थेंब सोडून दाखवले. त्याने वाकून कान दिला, पुन्हा एकदा करायला सांगितले, मग स्वतःच्या हाताने करून पाहिले. शेवटी तो हसत म्हणाला, “काका, स्क्रू थोडा आत घेऊन ठेवला असता तर मला काही कळलंच नसतं.”

“घेतला होता,” मी म्हणालो, “बुधवारी.”

त्यावर तो काही बोलला नाही. ठरलेल्या किमतीतून त्याने दुरुस्तीचे पैसे वजा करायला सांगितले. मी थोडी घासाघीस केली, आणि तेवढ्यावर व्यवहार पुरा झाला. मिस्त्रींचा पत्ता मी त्याला लिहून दिला. नवी दांडी बसल्यावर गाडी चौकात स्वस्थ उभी राहते, असे त्याने पुढे कळवले.

घर सोडताना ते घड्याळ निघाले. चौतीस वर्षांत त्याची दोनदा दुरुस्ती झाली आहे, आणि ते अजून बरोबर वेळ दाखवते. नव्या जागेत सूनबाईंनी ते माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावायचे ठरवले होते. माझीही नजर आता पूर्वीची राहिलेली नाही. मी ते बाहेरच्या खोलीत लावायला सांगितले. वेळ विचारण्यासाठी मला हाक मारावी लागते.